दोरीचे दुसरे टोक

बातमी दुपारी आली, वृत्तपत्राच्या ठाण्याच्या कार्यालयात पाने लावायची घाई सुरू होण्याआधी. फोन नसीमचा होता, अ‍ॅड. कासम तांडेल यांच्या मुलीचा. तीही कल्याणच्या न्यायालयात वकिली करते, थोडक्यात बोलायची सवय आहे. ‘‘बाबा गेले. सकाळी छातीत दुखायला लागलं. हॉस्पिटलला पोचेपर्यंत संपलं होतं. संध्याकाळी असरच्या नमाजनंतर दफन आहे.’’ फोन ठेवण्याआधी ती म्हणाली, ‘‘आणि दोरी आमच्याकडेच आहे... तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं.’’ वडील जाऊन काही तास झाले असताना मुलगी एका दोरीचा विषय काढते, हे दुसऱ्या कुणाला चमत्कारिक वाटले असते. पण कासमभाईंना ओळखणाऱ्या कुणालाही त्या क्षणी पहिला प्रश्न तोच पडला असणार.

कल्याणच्या जुन्या वस्तीतून खाडीकडे उतरणारा एक रस्ता आहे. वरच्या टोकाला मशीद, खाली उतारावर देऊळ. मधे पिठाची गिरणी, एक दवाखाना, मोबाईल दुरुस्तीची दोन-चार दुकाने आणि कासमभाईंचे एका खोलीचे ऑफिस. गणपती याच रस्त्याने खाडीवर जातात आणि ईद-ए-मिलादचा जुलूसही याच रस्त्याने फिरतो. दोन्ही मिरवणुकांना पोलीस परवाना देतात तेव्हा त्यात एक अट असते, की प्रार्थनास्थळाजवळ वाद्ये बंद ठेवावीत. किती अंतरापासून बंद करायची आणि कुठे पुन्हा सुरू करायची, हे परवान्यात नसते. दरवर्षी वाद तिथेच व्हायचा. कासमभाईंनी त्यावर काढलेला उपाय म्हणजे ही दोरी. अंबाडीची, जाड, एका होडीवरची. होडी होती बाळाराम कोळी यांची. खाडीत मासेमारी करणाऱ्या जुन्या कुटुंबातले बाळाराम तेव्हा खालच्या मंडळाचे अध्यक्ष होते. गणपतीच्या आधीच्या रविवारी, भर उजेडात, दोन्हीकडची माणसे रस्त्यावर जमत. दोरीचे एक टोक मशिदीच्या दारात, दुसरे टोक उतारावर जिथे पोचेल तिथे खडूची रेघ. मग तीच दोरी देवळाच्या पायरीशी लावायची आणि चढावर दुसरी रेघ मारायची. मशिदीपासून तिच्या रेघेपर्यंत आणि देवळापासून त्याच्या रेघेपर्यंत ढोल, बेंजो, ताशा, स्पीकर, सगळे बंद. नियम एवढाच. त्यातली एक गोष्ट मात्र कधी बदलली नाही. मशिदीच्या दारात टोक धरून बाळाराम उभे राहत आणि देवळाच्या पायरीशी कासमभाई. मोजणी झाली की दोरी एक वर्ष याच्या घरी, पुढचे वर्ष त्याच्या घरी.

पहिली भेट त्या रस्त्यावरच झाली. तेव्हा नवख्या असलेल्या या बातमीदाराला ‘तणावपूर्ण शांतता’ शोधायला कल्याणला पाठवले गेले होते आणि तिथे काळ्या कोटातला एक उंच माणूस भर रस्त्यात देवळाच्या पायरीशी वाकून उभा होता. ‘‘काय पत्रकार, दंगल बघायला आलात? उशीर झाला. चहा घ्या.’’ वरून बाळारामांचा आवाज आला, ‘‘ओ वकीलसाहेब, दोरी वली हाय! वली दोरी आखडते. देवलाला कमी परंल.’’ कासमभाईंनी विचारले, ‘‘मशिदीला कसल्या दोरीने मोजलं मघाशी?’’ ‘‘याच की.’’ ‘‘ओल्याच ना? मग कमी पडू दे. सारखं पडलं म्हणजे झालं.’’ जमलेली माणसे हसली. बाळाराम म्हणाले, ‘‘याला वकील कुनी केला रं? याला तराजू द्या, बाजारान बसवा.’’ त्या दिवशीच्या वार्तांकनातून छापून आले ते दोन ओळींचे वृत्त. भांडण न झालेल्या रस्त्याला पानावर जागा मिळत नाही.

त्याच दिवशी कुणीतरी सुचवले होते की खडूऐवजी ऑइलपेंट मारून टाकू, दरवर्षीची कटकट मिटेल. कासमभाई म्हणाले, ‘‘पेंट मारला की पुढच्या वर्षी कोण येईल? खडू पुसला जातो, म्हणून तर भेटावं लागतं.’’ हे त्यांनी सहज म्हटले होते. आता ते वाक्य वेगळे ऐकू येते.

त्यांचे वडील आणि आजोबा खाडीतून मालाच्या होड्या चालवायचे; तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या, आडनाव तिथूनच आले. घरात कोकणी वळणाची मराठी, कोर्टात पुस्तकी मराठी, पक्षकारांशी हिंदी. एकदा एका बातमीत त्यांच्या नावाआधी ‘अल्पसंख्याकांचे वकील’ असे छापले गेले. दुसऱ्या दिवशी फोन आला. आवाज नेहमीसारखाच, चढलेला नाही. ‘‘तुमच्या पेपरात बाकीच्या वकिलांना बहुसंख्याकांचे वकील म्हणतात का? नाही ना? मग मला नुसतं वकील म्हणा.’’ त्यांच्याकडे येणारे लोक कोण होते, हे बघितले तर त्यांचा मुद्दा पटायचा. आंबिवलीहून येणारी पोतराजाची सून, जिला पोलीस चौकीत कुणी बसायला खुर्ची देत नव्हते. शहाडचा एक ख्रिश्चन वायरमन, ज्याच्या घरातली प्रार्थना शेजाऱ्यांनी बंद पाडली होती. बिल्डरने भाडे थकवलेले एक ब्राह्मण आजोबा. त्या सगळ्यांना ते पहिली गोष्ट एकच सांगत. ‘‘अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.’’ कायदा सगळ्यांना सारखा आहे, असे भाषण त्यांनी कधी केले नाही. तो सारखा लागू झाला की नाही, हे ते तपासत राहिले.

त्यांच्या स्वतःच्या घरातही ती तपासणी झाली. नसीमचे लग्न ठरले तेव्हा तिने ठाकुर्लीला स्टेशनजवळ फ्लॅट बघितला. दलालाने फोनवर आडनाव विचारले. तांडेल म्हटल्यावर तो खूश झाला. ‘‘कोळी ना मॅडम? आमच्या मालकांना लोकलच पार्टी पाहिजे.’’ फ्लॅट दाखवला, किचनमधला नळ सोडून दाखवला, सोसायटीचे सेक्रेटरीही भेटले. मग टोकन देताना नाव सांगितले, नसीम कासम तांडेल. सेक्रेटरी घड्याळाकडे बघायला लागले. दलाल म्हणाला, ‘‘मॅडम, ही सोसायटी जरा व्हेज आहे.’’ नसीमने विचारले, ‘‘आत्ता तर कोळी चालत होता. कोळी काय वालाची भाजी खातात?’’ हे तिने सांगितले तेव्हा कासमभाई मोठ्याने हसले. सोसायटीला नोटीस काढायचा मसुदा त्यांनी त्या संध्याकाळीच केला होता. नसीम म्हणाली, ‘‘बाबा, मला घर हवंय. केस नकोय.’’ ती आता मुंब्र्यात राहते आणि रोज कल्याणला येते. मसुदा तसाच राहिला. त्याबद्दल ते नंतर एकदाच बोलले. ‘‘वकिलाची पोरगी जर म्हणते की कोर्टात जायचं नाही... तर बाकीच्यांची पोरं काय म्हणत असतील, त्याचा विचार करा.’’

रस्ताही तोवर बदलत होता. मशिदीजवळची हिंदू घरे एकेक करून डोंबिवलीला गेली, देवळाजवळची मुसलमान घरे मुंब्र्याकडे. कुणी कुणाला हाकलले नाही. प्रत्येकाकडे कारण होते, मुलांची शाळा, आईचे गुडघे, लिफ्टची सोय. गिरणीवाला गेला आणि त्या जागी एक लोखंडी ग्रिल आले. गच्च्यांवर कॅमेरे बसले, खालच्या बाजूचे वर बघणारे, वरच्या बाजूचे खाली. रविवारी दोरी धरायला येणारी माणसे म्हातारी होत गेली. पोरे येईनाशी झाली.

मग ते विसर्जन आले. बाहेरून भाड्याने आणलेला डीजेचा ट्रक खडूची रेघ ओलांडून मशिदीपर्यंत वाजत गेला. कुठल्याशा गच्चीवरून दगड आला. आधी ट्रक पुढे गेला की आधी दगड आला, याचे उत्तर न्यायालयातही अजून मिळालेले नाही. पुढे जे झाले त्यात दोन तरुण सापडले. एक अर्शद, मशिदीखालच्या मोबाईल दुकानात काम करणारा. तो एका व्हिडिओत दुकानाचे शटर ओढताना दिसत होता आणि तेवढ्यावर त्याला उचलले. दुसरा निखिल, बाळारामांचा नातू. त्याच्या कपाळावर दगड लागला, टाके पडले. तो तक्रार द्यायला गेला तर उत्तर मिळाले की एक गुन्हा नोंदवलाय, त्यात सगळं आलं, वेगळं कशाला? दोघांचे नुकसान सारखे नव्हते, हे इथे नोंदवले पाहिजे. एक टाके घालून घरी गेला, दुसरा आधारवाडीच्या तुरुंगात गेला आणि जामीन मिळेपर्यंत त्याची नोकरी, ठरत आलेले लग्न आणि आईची तब्येत, तिन्ही गेली होती. सारखे होते ते एवढेच, की दोघेही ज्या टेबलापुढे उभे राहिले तिथे त्यांचे म्हणणे कुणी लिहून घेतले नाही.

अर्शदचे वकीलपत्र कासमभाईंनी घेतले. बाळाराम नातवाला घेऊन ऑफिसात आले तेव्हा त्यांनी उठून खुर्ची दिली आणि सांगितले, ‘‘बाळाराम, मी अर्शदचा वकील आहे. निखिलची केस मला घेता येणार नाही. पण ही तक्रार नोंदली गेलीच पाहिजे. दंडाधिकाऱ्यांपुढे जाता येतं.’’ मग ते दोघांना घेऊन ठाण्याला आले, एका ओळखीच्या वकिलाच्या जिन्यापर्यंत. वर गेले नाहीत. आत काय बोलणे होईल ते आपल्या कानावर पडू नये, म्हणून खालच्या पायरीवरूनच परत फिरले. ही गोष्ट वस्तीत पोचायला वेळ लागला नाही. जामिनावर सुटून आलेला अर्शद थेट ऑफिसात आला. त्या दिवशी हा बातमीदार तिथे बसलेला होता. ‘‘चाचा, हमारे वकील होके उनके लिए वकील ढूंढते हो?’’

‘‘हो.’’

‘‘क्यूं?’’

‘‘तुझ्यासाठी जे दार उघडं मागतो, ते त्याच्यासाठी बंद कसं मागू?’’

अर्शदने कोपऱ्यात खिळ्याला अडकवलेल्या दोरीकडे बघितले. तो मराठी शाळेत शिकलेला, एरवी कासमभाईंशी मराठीच बोलायचा. ‘‘तुमची दोरी सारखी आहे चाचा. पण ती फक्त आमच्याच गळ्यात आहे.’’ आणि तो गेला. कासमभाई त्याच्या मागे दारापर्यंत गेले, त्याला हाक मारली, तो थांबला नाही.

निखिलची तक्रार पुढे नोंदवली गेली. अर्शदवरचे आरोप पुराव्याअभावी टिकले नाहीत. म्हणजे कागदावर पाहिले तर न्याय मिळाला होता, दोघांनाही. पण तो मिळाला तेव्हा दोघेही घ्यायला उभे नव्हते. अर्शद कुठल्याशा भाड्याच्या खोलीत जमणाऱ्या माणसांबरोबर बसू लागला. फोनवर दूरच्या देशातली भाषणे ऐकायचा आणि कासमभाईंना सलाम करणे त्याने सोडले. निखिल बाहेरून येणाऱ्या एका संघटनेच्या मोटारसायकली घेऊन फिरू लागला, देवळामागच्या मैदानात तलवारी फिरवायचा सराव सुरू झाला. बाळारामांनी एकदा त्याला विचारले, म्हणे, की ही तलवार कुणावर चालवायची? निखिल म्हणाला, ‘‘आजोबा, तुमची दोरी कुणावर चालली ते आधी सांगा. माझ्या डोक्यावर दगड पडला तेव्हा कुठं होती दोरी?’’ हे बाळारामांनीच सांगितलेले. सांगताना ते खाडीकडे बघत होते.

शेवटची भेट त्या ऑफिसातच झाली. खोकला होता, आवाज बसला होता. कासमभाई म्हणाले, ‘‘तुमच्या पेपरात पोरं बिघडल्याच्या बातम्या येतात. कुणी मशिदीत बिघडला म्हणतं, कुणी देवळात. मी चाळीस वर्षं कोर्टात बघतोय... पोरं पुढची तारीख ऐकून घरी जाताना बिघडतात. जिना उतरता उतरता. आणि खाली कुणीतरी गाडी घेऊन उभाच असतो. वर यायची त्याला गरज नसते.’’ मग थोड्या वेळाने, ‘‘त्या खालच्या माणसाला कायद्याची भीती नाही वाटत. त्याला एकाच गोष्टीची भीती आहे, की कायदा वेळेवर येईल.’’ हे छापू का, असे विचारल्यावर त्यांनी हात हलवला. ‘‘आत्ता नको. उगाच दोन्हीकडचे चिडतील. मी मेल्यावर छापा.’’

कबरस्तानात बाळाराम आले होते. डोक्याला रुमाल बांधून, एका हाताने काठी टेकत, दुसऱ्या हाताने त्यांनी मूठभर माती टाकली आणि बाजूला जाऊन भिंतीशी टेकले. अर्शदने खांदा दिला. निखिल रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर होता, हेल्मेट न काढता. जनाजा समोरून गेला तेव्हा त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. एवढेच दिसले. दोघांनी एकमेकांकडे पाहिले असेल-नसेल.

त्यानंतर झालेल्या यंदाच्या शांतता समितीच्या बैठकीत अधिकारी नवे होते. दोरी म्हणजे काय, ते त्यांना समजावून सांगावे लागले. ‘‘बॅरिकेड लावू ना आपण,’’ ते म्हणाले. नसीमने ऐकून घेतले आणि गणपतीच्या आधीच्या रविवारी, म्हणजे गेल्या रविवारी, ती दोरी खांद्यावर घेऊन रस्त्यावर उतरली. रेघा आधीच मारलेल्या होत्या. पांढऱ्या ऑइलपेंटने, हातभर रुंद. मशिदीच्या बाजूची रेघ उतारावर खूप खाली आली होती, देवळाच्या बाजूची चढावर खूप वर गेली होती. ज्याने त्याने आपल्या दारापासून मोजले होते आणि मनाला येईल तिथे थांबला होता. दोन्ही रेघा एकमेकींना ओलांडून पुढे गेलेल्या. मधे जो पट्टा दोन्ही मोजण्यांत आला, त्यावर दोन्हीकडचे सांगतात की हा आमचा, इथे तुम्ही गप्प बसायचे. तो पट्टा कासमभाईंच्या ऑफिसच्या दारासमोर येतो.

नसीमने या दोन्ही रेघांबद्दल एकच अर्ज आधीच दिला होता, पेंट दिसल्या दिवशीच. दोन्ही पुसाव्यात, एकाच दिवशी, एकाच वेळी. पोच मिळाली. रेघा आहेत तिथेच होत्या. ती देवळाच्या पायरीशी जाऊन उभी राहिली, जिथे वडील उभे राहत. मशिदीच्या दारात बाळारामांसाठी आतून कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली, कारण त्यांना आता उभे राहवत नाही. समितीतली उरलेली दोन-तीन माणसे दोरीची दुसरी टोके धरायला पुढे झाली. वरच्या एका गॅलरीतून आवाज आला, ‘‘नसीमबाजी, किसके लिए नाप रही हो?’’ नाक्यावरून दुसरा, ‘‘बाळारामकाका, घरी जा ना, पाय दुखंल!’’ हसणे झाले, दोन्हीकडे, पण एकत्र नाही. मोबाईल वर झाले होते. अर्शद दुकानाच्या पायरीवर होता, निखिल टपरीवर. दोघेही शूटिंग करत होते. नसीमने खडूच्या रेघा मारल्या, पेंटच्या रेघांच्या बऱ्याच आत. पहिली रिक्षा गेली तेव्हाच एक रेघ फिकी झाली.

मोजणी झाली की दोरी दुसऱ्या घरी जाते. यंदा ती बाळारामांकडे जायची होती. नसीमने ती गुंडाळून त्यांच्यापुढे धरली. बाळारामांनी हात लावला, अंबाडीवरून अंगठा फिरवला, आणि दोरी परत तिच्याकडे सरकवली.

‘‘नको पोरी. तुज्याकडंच राहू दे.’’

‘‘काका, पाळी तुमची आहे.’’

‘‘माज्या घरान निखिल हाय.’’

तिने दोरी पुन्हा खांद्यावर घेतली. त्यांना रिक्षात बसवून ती ऑफिसात आली. खुर्चीमागे खिळा आहे, त्यावर कासमभाईंचा काळा कोट अजून तसाच आहे. कोटाच्या खिशात खडूचे तुकडे आहेत, ते तिने काढलेले नाहीत. कोट उचलून तिने दोरी त्याखाली अडकवली, मग कोट वरून सारखा केला, म्हणजे बाहेरून दोरी दिसणार नाही. दाराला कुलूप लावले, ओढून पाहिले, आणि पुन्हा एकदा ओढून पाहिले. गणपती अजून यायचे आहेत.